चिकाचा शर्ट

“तो काढलाय ना? मग हा घाला. ओरिजिनल.”

असं म्हणून भाऊसाहेबांनी भिंतीवरच्या लाकडी चौकटीतून शर्ट ओढला. टाचण्या तुटून फरशीवर उडाल्या. तो शर्ट त्यांनी माझ्या बापाच्या तोंडावर फेकला. पन्नास-साठ माणसं होती. सगळी हसली.

माझा बाप, आबा, गॅलरीच्या मधोमध उभा होता. खाली नवी पॅन्ट, वर भोकं पडलेलं बनियन. पायात काही नाही, कारण चपला त्याने दाराबाहेर काढल्या होत्या, विहारात जाताना काढतात तशा. अंगातला पांढरा शर्ट त्याने आत्ताच उतरवून, घडी करून माझ्या हातात दिला होता. त्या शर्टाची ऊब माझ्या हाताला लागत होती. आणि मी हसत होते. हो, मीसुद्धा.

हे लिहिताना मला रडू येत नाही. काहीतरी फोडावंसं वाटतं.

पहिल्यापासून सांगते.

आम्ही शिरपूर तालुक्यातले. बौद्ध. आमच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही. आबाने अठ्ठावीस वर्षं केळीचे घड वाहिले. कापणारा घड कापतो, वाहणारा तो खांद्यावर घेतो आणि बागेतून ट्रकपर्यंत नेतो. चिखलातून, ठिबकच्या नळ्यांवरून, पळत. एकेक घड पंचवीस-तीस किलोचा. कापलेल्या दांड्यातून चीक गळतो. ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, सुकला की तपकिरी पडतो, मग काळा. साबण, सोडा, लिंबू, कशानेही निघत नाही. म्हणून वाहणाऱ्या माणसाचा एक शर्ट वेगळा असतो, चिकाचा शर्ट. बांधावर आल्यावर अंगातला चांगला शर्ट काढायचा, घडी करून झाडाच्या बेचक्यात ठेवायचा, चिकाचा घालायचा. संध्याकाळी परत उलटं. खांद्यावर जुन्या गोधडीचा तुकडा ठेवायचा आणि मगच घड घ्यायचा.

आणि घड पडू द्यायचा नाही. आपटलेली केळी काळी पडतात, व्यापारी तो घड बाजूला काढतो आणि मुकादम लाथ घालतो. पाय घसरला तर वाहणारा स्वतः खाली जातो आणि घड छातीवर झेलतो. आबाच्या अंगावर अशा पडण्याच्या खुणा मी लहानपणी मोजायचे. चारच्या पुढे मला मोजता यायचं नाही तेव्हापासून.

मी धुळ्याला चित्रकलेचा डिप्लोमा केला आणि जळगावला एका संस्थेच्या शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागले. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर तुम्ही मॅडम, सुट्टी लागली की कोणी नाही. अशी सहा वर्षं काढली. संस्था भाऊसाहेबांची. नदीकाठच्या केळीच्या बागाही त्यांच्या आणि शहरातली ही आर्ट गॅलरीही त्यांचीच.

आबाच्या खांद्याचं हाड तीन वर्षांपूर्वी सरकलं आणि त्याचं वाहणं बंद झालं. घरात त्याचे सहा चिकाचे शर्ट पडून होते. आई म्हणाली, पोतेरं करते. मी ते उचलून आणले. चौकटींवर ताणले. आबाचे डाग होते तसे ठेवले आणि मधल्या मोकळ्या जागेत ताज्या चिकाने, काडीने चित्रं काढली. वाहणाऱ्यांचे खांदे, माना, टाचा. चिकाने काढताना रेघ दिसतच नाही, दोन दिवसांनी उमटते. चुकली तर खोडता येत नाही. ते काम करताना मला पहिल्यांदा वाटलं की मी चित्रकार आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात भाऊसाहेबांनी ते शर्ट बघितले. म्हणाले, हे गॅलरीत लावू, मग मुंबईला पाठवू. आणि जाता जाता म्हणाले, तुमची कायमची ऑर्डरही आता काढून टाकू मॅडम. मी त्या रात्री झोपले नाही. सहा वर्षं ज्या कागदासाठी मी ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, तो असा बोलता बोलता निघत होता.

प्रदर्शन दहा दिवस होतं. शेवटच्या दिवशी गॅलरी बंद झाल्यावर खास निमंत्रितांसाठी संध्याकाळ ठेवली होती. सात वाजता शटर अर्धं खाली ओढलं. आत दिवे मंद केले, गाणी लावली. डॉक्टर, बिल्डर, वकील, त्यांच्या बायका. ट्रेमधून ग्लास फिरत होते. मी हातमागाची नवी साडी नेसले होते. एक बाई येऊन म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे हो. एका डॉक्टरांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मला मजा येत होती. खोटं कशाला बोलू? त्या तासभरात मी जेवढी सुखी होते तेवढी आयुष्यात कधीच नव्हते. मला वाटलं, मी यांच्यातली झाले.

आबाला मीच बोलावलं होतं. त्याला पांढरा शर्ट शिवून घेतला होता. शिरपूरहून एसटीने आला. भिंतीजवळून एकेका शर्टापाशी थांबत चालला. एकापाशी म्हणाला, “हाऊ तुनी दहावीना सालना शे.” पुढे जाऊन परत म्हणाला, “बठ्ठा मनाच शेतस का?” मी म्हटलं, हो, सगळे तुझेच. तर म्हणाला, “याले भितवर कसाले टांगा वं?” भिंतीवर कशासाठी टांगले, याचं मी त्याला धड उत्तर दिलं नाही. मला पलीकडून हाक आली होती.

हॉलच्या मध्ये एका लोखंडी स्टँडला केळीचा घड टांगला होता. शोभेसाठी, भाऊसाहेबांच्या बागेतून दुपारी कापून आणलेला. दांड्यातून अजून थेंब गळत होता, खाली ताट ठेवलं होतं. कोणीतरी खेळ काढला की घड खांद्यावर घेऊन फोटो काढायचा. एक बिल्डर पुढे झाला, खांद्यावर नॅपकिन टाकला, चार जणांनी घड चढवला आणि तो दोन पावलांत ओरडायला लागला. हसणं, शिट्ट्या. मग दोन मित्रांनी मिळून उचलला. फोनचे फ्लॅश उडत होते. कोणाच्या तरी हातातला ग्लास सांडला, बर्फ फरशीवर पसरला.

भाऊसाहेबांची नजर कोपऱ्यात उभ्या आबावर गेली. “अरे, खरा माणूस तर इथे आहे. या, दाखवा यांना.”

आबा म्हणाला, “नही भाऊसाहेब. आते खांदा चालत नही.”

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. आवाज हसरा. “मॅडम, सांगा ना वडिलांना. पुढच्या महिन्यात तुमच्या ऑर्डरवर सही करायचीय मला.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी आबाकडे गेले. आणि म्हटलं, “आबा, एकदाच उचल. फोटोपुरता.”

मी म्हटलं. माझ्या गळ्यावर कोणी सुरी ठेवली नव्हती.

आबाने माझ्याकडे बघितलं. मग तो शर्टाची बटणं काढायला लागला.

त्या लोकांना वाटलं, म्हातारा अंगात आल्यासारखा कपडे काढतोय. बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. कोणीतरी टाळी दिली. आबाच्या डोक्यात तसलं काहीच नव्हतं. घड उचलायचा म्हणजे आधी चांगला शर्ट उतरवायचा, एवढंच त्याला माहीत. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप बटणाकडे जातो. माझ्या हातात घडी देताना तो हळूच म्हणाला, “नवा शर्ट शे. चीक लागी जाई.” मी शिवून आणलेला शर्ट तो वाचवत होता.

तेव्हा भाऊसाहेबांनी भिंतीवरून तो शर्ट ओढला. ओरिजिनल.

आबाने तोंडावरचा शर्ट खाली घेतला. म्हणाला, “हां भाऊसाहेब.” आणि घातला. शिव्या दिल्या असत्या, थुंकला असता, तरी मी आज एवढी जळले नसते. त्याने घातला.

एका गुडघ्यावर बसला. दोघांनी घड त्याच्या खांद्यावर ठेवला, सरकलेल्या हाडाच्याच बाजूला. गोधडी नाही, नॅपकिनसुद्धा नाही. तो उठला. पोटऱ्या लटपटत होत्या. टाळ्या. “चला, ट्रकपर्यंत!” कोणी ओरडलं. गाण्याचा आवाज वाढवला. आबा हॉलभर चालायला लागला, मान वाकडी, दात आवळलेले. एक फेरी. दुसरी. माझ्या जवळून गेला तेव्हा मला त्याचा श्वास ऐकू आला. मी थांब म्हटलं नाही. मला वाटलं, आता संपेलच.

तिसऱ्या फेरीत बर्फाच्या पाण्यावर त्याचा अनवाणी पाय गेला.

कोणीही माणूस पडताना ओझं सोडतो. आबाने सोडलं नाही. त्याने अंग फिरवलं, स्वतः खाली गेला आणि घड छातीवर घेतला. काडकन आवाज आला. गाण्यातसुद्धा ऐकू आला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

भाऊसाहेब धावत आले. मला वाटलं, उचलतील. त्यांनी घड पायाने बाजूला ढकलला, खाली वाकले आणि शर्टाची बाही बघितली. “शिवण उसवली का? हळू, हळू. मुंबईला पाठवायचेत हे.” आणि आबाच्या अंगातून तो शर्ट ओढायला लागले. हात वर करून, बाहीतून. आबा ओरडला. माझा बाप मुकादमाच्या लाथा खाऊनही कधी ओरडला नव्हता.

मी भाऊसाहेबांच्या कानाखाली आवाज काढला.

त्यांचा चष्मा उडाला. मी दुसरी मारली. तिसरी मारायच्या आत त्यांची मूठ माझ्या तोंडावर बसली. खालचा दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. “खाल्ल्या घरचे वासे मोजतेस?” ते म्हणाले. आणि मग जातीवरून एक शब्द. आमच्या आज्याला ज्या शब्दाने गावात हाक मारायचे, तो. तो शब्द मी फिर्यादीत जसाच्या तसा लिहून दिलाय. इथे परत लिहून त्यांचं तोंड आणखी एकदा वाजवू देणार नाही. तासाभरापूर्वी मी मॅडम होते.

त्यांच्या ड्रायव्हरने मागून माझे केस धरले आणि मान मागे खेचली. वॉचमनने हात पिरगाळला. आबा फरशीवरून कोपरांवर सरकत माझ्याकडे येत होता. “सोडा तिले,” म्हणत होता. ड्रायव्हरने त्याच्या बरगडीत लाथ घातली. जिथे घड पडला होता तिथेच. मग परत एकदा. मी ड्रायव्हरच्या हातात दात रोवले. उरलेले सगळे. तोंडात मांस येईपर्यंत सोडलं नाही. तो बोंबलला, केस सुटले. मी घडाचा लोखंडी स्टँड उचलला आणि फिरवला. कुठे लागला बघितलं नाही. ग्लास फुटले, ट्रे फुटले. वॉचमन मागे सरकला. मग मी भिंतीकडे वळले. उरलेल्या पाचही चौकटी खाली ओढल्या, गुडघ्यावर घेऊन मोडल्या. दोन वर्षांचं काम होतं. जराही वाईट वाटलं नाही. माझ्या बापाचे कपडे यांच्या भिंतीवर मी टांगले होते. मीच काढायचे होते.

आता कोणी हसत नव्हतं. शटर अर्धंच उघडं होतं. डॉक्टर, वकील, त्यांच्या बायका, सगळे वाकून, एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते. त्यात माझ्यासाठी खुर्ची ओढणारे डॉक्टरही होते. फरशीवर पडलेल्या माणसाच्या बाजूने गेले. पाय उचलून, ओलांडून.

एका रिक्षावाल्याने आणि मी आबाला उचलून दवाखान्यात नेलं. तीन बरगड्या मोडल्या होत्या, एकीचं टोक फुप्फुसाला लागलं होतं. आबाला भरती केलं आणि तशीच, रक्ताळलेल्या साडीने, पोलीस ठाण्यात गेले. अ‍ॅट्रॉसिटीची नोंद होईपर्यंत बाकावरून उठले नाही. पोलीस मला पाणी प्या म्हणाले, घरी जा म्हणाले, विचार करा म्हणाले. मी म्हटलं, लिहा.

साक्षीदार एकही मिळाला नाही. पन्नास-साठ फोन चालू होते तेव्हा. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्ही पलीकडच्या हॉलमध्ये होतो. त्या गॅलरीला दुसरा हॉल नाही.

दोन दिवसांनी अधिकारी आबाचा जबाब घ्यायला वॉर्डात आले. विचारलं, घड तुम्हाला जबरदस्तीने दिला का? आबाच्या नाकात नळी होती. मी उशाशी उभी. तो छताकडे बघत म्हणाला, “नही. मनी पोरनी सांगं, उचल. म्हनीसन उचला.”

लिहिणाऱ्याचा पेन थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. त्याने लिहून घेतलं.

आबाला घरी आणल्यावर महिन्याभरात भाऊसाहेबांकडून एक माणूस आला. आपल्यातलाच, जयंतीला स्टेजवर बसणारा. दोन कागद घेऊन. एकावर लिहिलं होतं की घड स्वखुशीने उचलला, कलाप्रयोगात अपघात झाला, गैरसमजातून तक्रार दिली. त्याखाली मी आणि आबाने सही करायची. दुसरा कागद म्हणजे माझी कायमची ऑर्डर. शिक्का मारलेली, फक्त तारीख रिकामी. म्हणाला, “ताई, मोठ्या माणसाशी वैर धरून काय मिळतं? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आबांचंही औषधपाणी होईल.”

मी काही बोलायच्या आत खाटेवरून आबा म्हणाला, “सही करी टाक. तुनी नोकरी व्हई जाई. मना काय, हाड जुडी जाई.”

तेव्हा माझ्या डोक्यात खरं काय ते शिरलं. मोडक्या बरगड्यांनी पडलेला हा माणूस माझ्यासाठी परत उचलायला तयार होता. परत शर्ट काढायला तयार होता. भाऊसाहेबांना हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर त्या संध्याकाळी ते त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलले. आमच्या घरात शिकलेलं एक पोर असतं आणि त्याच्या नोकरीची दोरी धरून अख्खं घर वाकवता येतं. ती दोरी त्यांनी फक्त माझ्या हातात दिली. ओढली मी.

मी आबावर ओरडले. जन्मात पहिल्यांदा. “यापुढे माझ्यासाठी काही उचलायचं नाही. मी सांगितलं तरी नाही.” तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या दोन्ही कागदांची मी झेरॉक्स काढली, वकिलांना नेऊन दिली आणि तो माणूस परत आला तेव्हा त्याला दाराच्या आत घेतलं नाही.

शाळेने माझे तास बंद केले. आता शिरपूरला पोरांच्या शिकवण्या घेते, दुकानांच्या पाट्या रंगवते. आबाला चार पावलं चालल्यावर धाप लागते. भाऊसाहेबांना जामीन मिळाला, गॅलरीत पुढचं प्रदर्शन लागलं.

आमचे वकील चांगले आहेत, एक रुपया घेत नाहीत. पण परवा म्हणाले, “ते एक वाक्य केस मारेल. पोरीने सांगितलं म्हणून उचलला, हे. आपण म्हणू की तुमचे वडील तेव्हा गुंगीत होते. तुम्ही कोर्टात म्हणा, मी तसं सांगितलंच नव्हतं. प्रश्न मिटला.”

मी नाही म्हटलं.

ते चिडले. म्हणाले, तुम्हाला केस जिंकायची आहे की प्रायश्चित्त घ्यायचंय? मी म्हटलं, प्रायश्चित्त गेलं खड्ड्यात. मला त्यांना शिक्षा झालेली बघायचीय. पण माझं वाक्य खोडलं तर मीही त्या दुसऱ्या हॉलमधली झाले, जो कुठे नाहीच. मग साठांत एकसष्टावी. ज्या कोर्टात माझा बाप नाकात नळी असताना खरं बोलल्याबद्दल गुंगीत ठरेल, तिथे मला जिंकायचं नाही.

पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. समोरचा वकील मोठा आहे, त्या वाक्याने तो मला सोलून काढेल. काढू दे. त्याने विचारायच्या आधीच मी ते सांगणार आहे. घड उचल असं माझ्या बापाला मी सांगितलं, एका सहीसाठी. त्यानंतर शर्ट कोणी फेकला, ओढला कोणी, लाथ कोणी घातली, शब्द कोणी काढला आणि टाळ्या कोणी वाजवल्या, एकेकाचं नाव घेणार आहे. सगळी नावं मला पाठ आहेत. भाऊसाहेबांकडे बघून, मोठ्याने घेणार आहे.

आधी माझं. मग त्यांची.